नावं देण्याआधी

चि. सईस,


दहा पिल्लं आणलीस आणि सगळ्यांची नावंसुद्धा ठेवून झाली, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. नावांच्या आधी एक गोष्ट ठरवायला हवी होती. तिच्याकडे वळतेच, पण आधी पिल्लं जगवायचं बघू.

खुडूक कोंबडी असती तर तुला फारसं काही करावं लागलं नसतं. २१ दिवस रवणाला बसलेली कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते, त्यांना कधी ऊब द्यायची आणि कधी मोकळं सोडायचं हे तिला बरोबर कळतं. तुझी पिल्लं यंत्रातली, त्यांची आई म्हणजे तू टांगलेला बल्ब. तो एलईडी असेल तर आजच काढ. त्याने उजेड पडतो, ऊब येत नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब शोध. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायची. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघ. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. लांब कडेला जाऊन चोची उघड्या टाकून बसली असतील तर उकडतंय. खोकंभर पांगून टिपत असतील तर तू झोपायला मोकळी. पावसाळ्यात वीज जाणारच, तेव्हा गरम पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून त्यांच्यात ठेव.

खोक्यात नुसतं वर्तमानपत्र अंथरू नकोस. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. खाली भाताचं तूस घाल. पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाट टाक, नाहीतर ती तूसच टिपतात. पाण्याच्या थाळीत गोटे टाकून ठेव, एवढ्याशा पाण्यातही पिल्लू बुडतं. आणि रोज सकाळी एकेक पिल्लू उचलून त्याचं बूड बघ. विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याने कापूस भिजवून हळूहळू सोडव, ओढू नकोस. बूड बंद झालेलं पिल्लू दोन दिवसांत मान टाकतं.

नुसत्या कणीवर पिल्लं वाढतील असं कुणी सांगेल. आमच्याकडच्या पिल्लांना दिवसभर अंगणात किडे-मुंग्या मिळतात, म्हणून त्यांचं कणीवर भागतं. तुझ्या खोक्यात किडे नाहीत. तयार पिल्लांचं खाद्य आण. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य मात्र तलंगा अंडी घालायला लागेपर्यंत देऊ नकोस. त्यातला चुना कोवळ्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

खुराड्याचं थोडक्यात: पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा, बसायला आडवी काठी, राखेत लोळायला एक कोपरा, म्हणजे अंगावर उवा राहत नाहीत. जाळी बारीक आणि दणकट घे. मुंगसाला वीतभर फट फार झाली.

आता राहिलेली गोष्ट. दहांतली निम्मी कोंबडे निघतील. दीड-दोन महिन्यांनी काहींचे तुरे लाल होऊन वर यायला लागतील, आणि मग एका पहाटे तुझी लाडकी शेवंता बांग देईल. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे खरं, पण कऱ्हाडात तुझ्या भिंतीला भिंत लागून माणसं झोपतात. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्लं काढायची असली तरी आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. बाकीचे आपसात रक्त निघेपर्यंत भांडतात आणि कोंबड्यांच्या पाठी सोलून काढतात. त्यांचं काय करायचं ते आत्ता ठरव, ते अंगाखांद्यावर खेळायला लागल्यावर नको. कुणाला द्यायचे तर दे, पण घेणारा त्यांना गटारीपर्यंतच सांभाळणार, हे स्वतःपासून लपवू नकोस. मी कापते आणि खाते, त्यात मला काही वावगं वाटत नाही. तुला वाटत असेल तर तेही ठीक, पण मग सगळे कोंबडे म्हातारे होईपर्यंत पोसायची तयारी ठेव. कोंबड्यांचंही तेच. दोन वर्षांनी अंडी कमी होत जातात, दाणे तेवढेच लागतात आणि कोंबडी त्यानंतरही चार-पाच वर्षं सहज जगते. तिला पोसायची की नाही, हा तुझा निर्णय. तोही पुढे ढकलू नकोस.

ताबडतोब करायचं काम म्हणजे मानमोडीची लस. दवाखान्यात तिला राणीखेतची लस म्हणतात. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. बाटली बर्फातून आणायची आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. पण बाटली बहुधा शंभर डोसांची असते, तुझी पिल्लं दहा. म्हणून आधी आजूबाजूला कोंबड्या असलेली घरं विचारून ठेव आणि सगळ्यांनी एकाच सकाळी लस द्या. खर्च वाटला जाईल, शिवाय त्यांच्या कोंबड्यांमधून रोग तुझ्या दारात यायची भीती कमी होईल. चौथ्या आठवड्यात परत द्यावी लागते, तेव्हा तीच माणसं कामाला येतील.

तुझी,
आत्या