दोन डोक्यांची नौका : अनुवादाच्या वर्गातील एक पाठ

पदव्युत्तर वर्गाला अनुवादासाठी यंदा मी कथा-कविता दिली नाही. जुन्या धाटणीच्या एका मोटर यॉटचे इंग्रजी वर्णन दिले. 'ग्रँड बँक्स ४२' ही ती नौका. तिच्या एका प्रकाराचे नावच 'क्लासिक' आहे. आलेल्या अनुवादांत 'आलिशान' हा शब्द जागोजाग होता, आणि एकाने तर मालकाच्या खोलीला 'स्वतंत्र डोके' बहाल केले होते. जहाजावरच्या शौचालयाला इंग्रजीत 'हेड' म्हणतात. शिडांच्या जहाजांवर खलाशांची ती सोय अगदी पुढच्या टोकाला, जहाजाच्या 'डोक्या'शी असे, म्हणून हे नाव. वर्ग हसला. पण 'सलून'चे काय करायचे, हे हसणाऱ्यांनाही सुचले नव्हते. मराठीत सलून म्हटले की न्हाव्याची खुर्ची डोळ्यांपुढे येते. इथे अर्थ आहे बसाउठायची खोली, 'बैठक' पुरे. 'बर्थ' मात्र रेल्वेमुळे आपल्या घरचाच झाला आहे. त्याची 'शय्या' करण्याचा अट्टहास कशाला?

असे सुटे शब्द मार्गी लागतात. खरी अडचण 'आलिशान'ची होती, कारण या नौकेचे कूळ कष्टकऱ्याचे आहे. न्यूफाउंडलंडजवळच्या, कॉड माशांसाठी प्रसिद्ध असलेल्या समुद्रपट्ट्यावरून तिला नाव मिळाले. हाँगकाँगच्या 'अमेरिकन मरीन' या कारखान्याने केनेथ स्मिथ यांच्या आराखड्यावरून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला 'स्प्रे' ही ३६ फुटी नौका बांधली. तिच्यातूनच पुढची सारी मालिका निघाली. रूप मासेमारी ट्रॉलरचे, आत राहण्याची सोय. १९७३पर्यंत या नौका लाकडाच्या होत्या, नंतर फायबरग्लासच्या झाल्या. डच भाषेत 'याख्त' म्हणजे शिकार, पाठलाग. तेथून 'यॉट' आला. वेगासाठी जन्मलेल्या या शब्दाची ही लेक मात्र संथ चालते. अशा नौकेला तिने स्वतः उठवलेली लाटच पुढे जाऊ देत नाही. पाणरेषेवरील लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून १.३४ने गुणले की ती मर्यादा नॉटमध्ये मिळते. छत्तीस फुटांना सुमारे ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. त्याहून घाई केली तर डिझेल जळते, अंतर फारसे कापले जात नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना विशेषणे खोडायला लावली आणि प्रत्येक सोयीपुढे 'का?' लिहायला सांगितले. जेवणाच्या टेबलाला परातीसारखा उभा काठ का? हेलकाव्यात ताट मांडीवर येऊ नये म्हणून. बैठकीच्या छताला धरायचे दांडे का? चालताना तोल जातो म्हणून. फ्रिजला कडी हवी, शेगडीला आडवे गज हवेत. डेक सागाचा, कारण ओल्या सागावर पाय सहसा घसरत नाही. बैठकीतच सुकाणूचे चाक आहे आणि त्याच्या शेजारी बाहेर जाणारे दार. पावसात कोरडे राहून नौका हाकायची आणि धक्क्याला लागताना दोन पावलांत डेकवर जायचे. झोपायच्या खोल्या दोन टोकांना, एक पुढे, एक मागे. मध्ये बैठक, तिच्या जमिनीखाली इंजिन. चार माणसे आठवडाभर एकत्र राहणार असतील, तर हे अंतर गादीच्या मऊपणापेक्षा मोलाचे. डोलकाठी आहे, तिच्यावर छोटे शीडही चढते, पण वेगासाठी नव्हे. वारा त्याला दाबून धरतो आणि नौकेचे डोलणे कमी होते. डोलकाठीने डोल आवरावा, ही गंमत मूळ इंग्रजीत नाही. ती मराठीतच आहे.

याच वेळी एका मुलाची वही माझ्या हाती आली. तो वेंगुर्ल्याकडचा, घरी मासेमारीची होडी. त्याने 'नौकेचा अग्रभाग' असे लिहिले होते. घरी काय म्हणता, विचारले. "नाळ," तो म्हणाला, आणि लगेच, "पण सर, तो शब्द परीक्षेत चालेल का?"

मला राग आला, त्याचा नव्हे. नाळ, सुकाणू, तांडेल, नांगर, डोलकाठी हे शब्द घेऊन तो आमच्याकडे आला आणि पाच वर्षांत आम्ही त्याला 'अग्रभाग' शिकवला. 'अग्रभाग' इमारतीला असतो, मोर्चाला असतो; नाळ मात्र जहाजालाच. नेमका शब्द कुठला, हे वेगळे सांगायला नको. गुण देताना मी 'अग्रभाग'चा अर्धा गुण कापला. तो थोडा गोंधळला, मग हसला.

छपरावर, उघड्यावर आणखी एक सुकाणूचाक असते, दूरवर पाहता यावे म्हणून. त्या 'फ्लायब्रिज'ला कोणी 'उड्डाणपूल' म्हटले होते. वर्गाने 'मचाण' सुचवले. मला ते पटले. डोल आवरणाऱ्या शिडाला मात्र अजून शब्द सापडलेला नाही. वेंगुर्ल्याच्या मुलाने तो प्रश्न वहीत उतरवून घेतला आहे. चतुर्थीला घरी गेलो की बाबांना विचारतो, म्हणाला.