युद्ध जिंकले, पण सत्ता गेली : दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटन

दुसरे महायुद्ध कोण जिंकले, असे विचारले की मुले पटकन सांगतात, "दोस्त राष्ट्रे." उत्तर बरोबर आहे. पण त्यापुढचा प्रश्न विचारायलाच हवा. ब्रिटन जिंकले, मग त्याचे साम्राज्य का गेले?

युद्धाला पैसा लागतो. सहा वर्षांत ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली. डिसेंबर 1945 मध्ये त्याने अमेरिकेकडून 375 कोटी डॉलरच्या कर्जाचा करार केला. त्याचा शेवटचा हप्ता फिटला 2006 साली! अमेरिकेची शहरे मात्र बेचिराख झाली नव्हती, उलट कारखाने वाढले होते. 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेतच डॉलरला मानाचे स्थान मिळाले. म्हणजे तोफा थंड होण्याआधीच सत्ता सरकू लागली होती.

आता आपल्याकडे पाहू. युद्धाआधी भारत ब्रिटनचा कर्जदार होता. युद्धात भारताने सैनिक, कापड, सामान पुरवले. त्याचे बरेच पैसे हातात न देता लंडनच्या खात्यात नुसते मांडून ठेवले गेले. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनच भारताला सुमारे 130 कोटी पौंड देणे लागत होते. राज्यकर्ता कर्जदार आणि प्रजा सावकार! पण मुलांना हेही सांगा, की हे कर्ज लोकांनी खुशीने दिले नव्हते. इथे नोटा छापून खर्च भागवला गेला, महागाई भडकली आणि 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली.

फेब्रुवारी 1947 मध्ये ब्रिटनने अमेरिकेला कळवले, की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणे आता झेपत नाही. त्याच महिन्यात पंतप्रधान अ‍ॅटली यांनी भारत सोडण्याची मुदत जाहीर केली. फक्त पैसा संपला म्हणून इंग्रज गेले, असे मात्र शिकवू नका. 1942 चे आंदोलन आणि 1946 चे मुंबईतील नौसैनिकांचे बंड यांनी राज्य चालवणेच अवघड करून टाकले होते.

1956 मध्ये सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने फ्रान्स आणि इस्रायलसोबत इजिप्तवर हल्ला केला. अमेरिकेने आर्थिक दाब दिला, पौंड घसरला आणि सैन्य मागे घ्यावे लागले. जुना दरारा संपल्याचे साऱ्या जगाने पाहिले.

उपक्रम : फळ्यावर दोन रकाने करा, 'युद्धात काय मिळाले' आणि 'काय गेले'. ब्रिटन, अमेरिका, भारत असे तीन गट पाडून मुलांनाच ते भरू द्या. शेवटी एकच प्रश्न विचारा : जिंकणे म्हणजे नक्की काय?