कच्चें मडकें कोणीं भाजावें?

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें स्वतःच शिक्षक होतात. प्रथमच खडू हातीं घेणाऱ्या अशा तरुणांसाठीं हे चार शब्द आम्ही लिहीत आहों. विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही ते वाचावे. ज्या मडक्यांविषयीं बोलावयाचें आहे तीं त्यांच्याच घरचीं आहेत.

धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या कांठीं तेर हें गांव आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तगर या नांवानें तें भरभराटीस आलें होतें व येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे. परंतु मराठी माणसास तेर माहीत आहे तें गोरोबाकाकांमुळें. त्यांची समाधि येथेंच आहे.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरीं जमली असतां मुक्ताबाईंनीं थापटण्याकडे बोट दाखवून, हें काय, असें विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें तें यानें कळतें, असें उत्तर मिळतांच आमचींही मडकीं पाहा, असा आग्रह झाला. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणें मारीत चालले. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेव मात्र रागावले, आणि हें मडकें कच्चें, असा निर्णय झाला.

सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. नव्या शिक्षकानें थांबूं नये. अपमानानें व्याकुळ झालेले नामदेव पुढें औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनीं हरकत घेतली, तेव्हां जेथें देव नसेल तेथें माझे पाय ठेव, एवढेंच ते म्हणाले. त्यांनीं व्याख्यान दिलें नाहीं. पाय उचलण्याचें काम शिष्याच्या हातीं दिलें, व जें कळावयाचें तें त्याला त्याच्याच हातांनीं कळलें. याच नामदेवांचीं ६१ पदें आज शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत.

पारखणें एका घरीं झालें, भाजणें दुसऱ्या घरीं. शाळेंत हीं दोन्ही कामें एकाच माणसाकडे असतात, आणि पहिलें सोपें असल्यामुळें नवा शिक्षक त्यालाच भुलतो. वास्तविक थापटणें हें मुळांत पारखण्याचें हत्यारच नव्हे. ओल्या मडक्यास आकार देण्यासाठीं कुंभार तें वापरतो, आणि त्या वेळीं दुसऱ्या हातानें आंतून गोल दगडाचा आधार धरतो. आधार सुटला कीं मडकें बिघडलें. शिवाय तें सावकाश वाळूं द्यावें लागतें. ओलेंच आव्यांत घातलें तर तडकतें.

आम्हीं स्वतः हा आधार एकदां सोडला होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षीं एका मुलास गुणाकार येईना, म्हणून भर वर्गांत आम्हीं त्यास कच्चा ठरविलें. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो येईना. आठवड्यानें आम्ही त्याच्या घरीं गेलों, तों हा मुलगा दारांत कडब्याच्या पेंढ्यांचा हिशेब तोंडानें करून गिऱ्हाइकास सांगत होता, आणि तो बिनचूक होता! अडत होती ती पाटीवरची मांडणी. तें आम्हीं त्याला कधीं विचारलेंच नव्हतें. बाप हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पोराचं नांव काढूं नका."

दुसऱ्या दिवशीं पेंढ्यांवरूनच गुणाकार सुरू केला. महिन्याभरांत तो मुलगा मांडणी शिकला. मात्र त्या वर्षांत उत्तर देण्यासाठीं त्यानें पुन्हा हात वर केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.