खंडाच्या जमिनीत सुधारलेल्या मातीचा हिशेब

प्रश्न : आमची करमाळा तालुक्यात चार एकर कोरडवाहू जमीन आहे. आम्ही पुण्यात राहतो, म्हणून ती गावातल्या एका भाऊबंदाला खंडाने दिली आहे. यंदा पाडव्याला ते म्हणाले, "सहा वर्षं शेणखत टाकतोय, बांध धरलेत, माती सुधारली. आता खंड कमी करा." माती सुधारल्याचे पैसे खरंच मोजता येतात का?

उत्तर : येतात, आणि तुमच्या भाऊबंदांचं म्हणणं रास्त आहे. मात्र "मातीची किंमत किती" आणि "माती सुधारली त्याची किंमत किती" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला नेमकं उत्तर नाही. 1997 मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गाकडून जगाला मिळणाऱ्या सेवांची वार्षिक किंमत सुमारे 33 लाख कोटी डॉलर काढली होती. तेव्हा सगळ्या जगाचं वार्षिक उत्पन्नच जेमतेम 18 लाख कोटी डॉलर होतं. साहजिकच लोकांनी विचारलं, एवढे पैसे द्यायचे कुणी? ज्याच्यावाचून जगणंच शक्य नाही, त्याचा एकूण भाव काढायला गेलं की असंच होतं. थोडी माती सुधारली किंवा थोडी वाहून गेली, तर किती फरक पडतो हे मात्र विचारता येतं. आपण तेच विचारू.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. जमिनीचा बाजारभाव म्हणजे मातीची किंमत नव्हे. हमरस्त्याला लागून असलेला मुरमाड तुकडा आतल्या काळ्या रानापेक्षा महाग जातो, कारण घेणारा तिथे प्लॉट पाडणार असतो. त्या भावात मातीचा वाटा कितीसा?

आता खताच्या बाजूने पाहू. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. सेंद्रिय कर्ब 0.4 टक्क्यावरून 0.5 वर गेला, तर एकरात 900 किलो कर्ब वाढला. त्याच्याबरोबर अंदाजे 80 किलो नत्रही मातीत बसतं, म्हणजे युरियाच्या चार गोण्यांइतकं. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, त्या हिशेबाने हे झाले हजारभर रुपये. एवढंच? पण या आकड्यात दोन खोटी आहेत. गोणीचा भाव खरा नाही, कारण त्याच्या कितीतरी पट रक्कम सरकार अनुदान म्हणून भरतं. आणि हे 80 किलो म्हणजे मुद्दल. पिकाच्या हाती येतं ते व्याज, वर्षाला दोन-तीन टक्के, म्हणजे जेमतेम दोन किलो नत्र. नुसत्या खतावर मोजली तर माती स्वस्तच दिसणार. तिचं मोठं काम पाण्याचं आहे.

इथेही जपून. "सेंद्रिय पदार्थ एक टक्का वाढला की एकरात पाऊण लाख लिटर पाणी जास्त धरलं जातं" हे वाक्य मोबाइलवर बरंच फिरतं. जगभरच्या मोजमापांची सरासरी घेतली तर वरच्या सहा इंचांत ही वाढ एकरी चार हजार लिटरच्या आसपास येते, चिकण काळ्या रानात त्याहूनही कमी. प्रत्येक चांगल्या पावसाला ही साठवण पुन्हा भरते हे खरं, पण पाऊण लाख नव्हे. खरा फायदा पाणी मुरण्यात आहे. त्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. बांधावरच्या गवताखालचं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या आणि वर्षानुवर्षं नांगरलेल्या पट्ट्यातलं तेवढंच दुसरं. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेऊन दोन्ही अलगद सोडा. नांगरटीचं ढेकूळ बुडबुडे सोडत बहुधा मिनिटाभरात विरघळतं, पाणी गढूळ होतं. गवताखालचं बराच वेळ आकार धरून राहतं, कारण मुळं आणि बुरशीचे तंतू त्याचे कण बांधून ठेवतात. पहिल्या वळवात रानात हेच घडतं. विरघळलेले कण भेगा-छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि पाऊस मुरायच्या ऐवजी माती घेऊन ओढ्याला लागतो.

आणि तुमच्या भागात माती जाणं म्हणजे पाण्याची टाकीच लहान होणं. मीटरभर खोल काळं रान पिकासाठी दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल राखतं, मुरमावरचं फूटभर रान चाळीस-पन्नास. शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा आणि नंतर पाऊस नसताना जमिनीतल्या ओलीवर काढायचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या नावामागेही तिथलं खोल काळं रान आहे.

या खोलीला रुपयांचा भाव कुठे लागतो? गाळाच्या ट्रॉलीला. उन्हाळ्यात तलाव आटले की शेतकरी ट्रॅक्टर लावून गाळ आणतात. गाळाला पैसे पडत नसले तरी वाहतूक असते. एकरावर एक इंच थर द्यायचा तर 36 ब्रास गाळ लागतो. ट्रॉलीत एक ब्रास येतो आणि खेपेला 600 रुपये पडतात असं धरू (तुमच्याकडचा भाव घालून पाहा), तर एका इंचाचे झाले 21 हजार 600. जो शेतकरी हे पैसे मोजतो, त्याच्या लेखी त्या इंचाची किंमत निदान तेवढी आहे. तलावातला गाळ म्हणजे तयार जिवंत माती नव्हे, ती तशी व्हायला पुढे शेणखत आणि काही हंगाम जातात. म्हणून मी 'निदान' म्हणतो.

आता याच मापाने तोटा पाहू. ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी 1983 मध्ये काढलेला देशाचा सरासरी अंदाज असा, की दर हेक्टरी वर्षाला 16.35 टन माती जागची हलते. एकरी ती साडेसहा टन होते, म्हणजे पावणेदोन ब्रास. दर पावसाळ्यात जवळपास दोन ट्रॉल्या! वरच्या भावाने एकरी हजारभर रुपयांची माती, आणि वीस वर्षांत एक इंच. ती सगळी नाहीशी होत नाही. त्याच अंदाजाप्रमाणे 61 टक्के माती एका जागेवरून उठून दुसरीकडे बसते, 10 टक्के धरणा-तलावांत साचते आणि 29 टक्के समुद्राला मिळते. तुमच्या भाऊबंदांनी धरलेल्या बांधांमुळे खालच्या तलावात कमी गाळ जातो. तो फायदा पाणी वापरणाऱ्या गावाचा, पण त्याबद्दल त्यांना कुणी दमडी देत नाही. मातीचं मोल कागदावर दिसत नाही याचं मोठं कारण मला हेच वाटतं. राबतो एक आणि लाभ अनेकांत वाटला जातो.

बेरीज करताना आणखी एक चूक सर्रास होते. वाचलेलं खत, मुरलेलं पाणी आणि वाढलेलं पीक, तिन्हीचे पैसे धरले जातात. पण पीक वाढलं ते त्या खता-पाण्यामुळेच. ज्वारीचे, पिठाचे आणि भाकरीचे पैसे वेगवेगळे लावण्यासारखं आहे ते. शेतकऱ्यापुरता हिशेब करायचा तर खर्च वजा जाता उत्पन्नात किती फरक पडला, तेवढाच धरा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सहा वर्षांपूर्वीचं माती परीक्षण बहुधा तुमच्याकडे नसेल. मग शेजारचं, तशाच मातीचं आणि तेवढ्याच खोलीचं, पण शेणखत न पडलेलं रान गाठा. गेल्या दोन-तीन हंगामांत दोन्हींत एकरी किती शाळू झाला ते विचारा. समजा फरक एक क्विंटलचा निघाला. त्यातून शेणखताचा आणि बांधाचा खर्च वजा करून जे उरेल, ते निम्मं-निम्मं वाटणं मला न्याय्य वाटतं, कारण जमीन तुमची आणि घाम त्यांचा.

त्याहून महत्त्वाची आहे ती कराराची मुदत. शेणखताचा गुण रानात बरीच वर्षं राहतो. दर पाडव्याला जमीन हातची जाईल अशी धास्ती असेल तर कसणारा त्यात पैसे का घालेल? करार निदान पाच वर्षांचा करा. आणि पुढच्या वेळी वाद नको म्हणून यंदा पेरणीआधीच मातीचा नमुना घ्या. एकाच जागची मूठभर माती फसवते. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी सहा इंच खोल खड्डे घ्या, बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा टाळून. सगळी माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. खड्ड्यांच्या जागा वहीत लिहून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी नमुना तिथलाच घेता येईल.