पुण्याची भाची रुळली, आमचाच मुलगा का नाही?

प्रश्न : मुलगा यंदा इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लागला. शाळेत बडबड्या होता, आता घरी आला की थेट खोलीत. ‘काय शिकवलं?’ विचारलं की ‘काही नाही.’ पुण्याची बहीण म्हणते, ‘आमची तर अकरावीतच रुळली होती!’ मग आमचाच का अडखळतोय? आमचं काही चुकलं का?
— एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, तुलना मात्र चुकली आहे. महाराष्ट्रात दहावीनंतर बहुतेक मुलं ज्युनिअर कॉलेजात जातात. अभ्यासक्रम बोर्डाचाच असतो, पण लेक्चर, कँटीन, मोकळे तास यांची ओळख सोळाव्या वर्षीच होऊन जाते. मध्य प्रदेशात बारावीपर्यंत शाळाच असते. मार्चपर्यंत गणवेशात बाकावर बसणारा मुलगा पावसाळ्यात एकदम पदवीच्या वर्गात जातो. भाचीला ज्यासाठी दोन वर्षं मिळाली, ते तुमच्या मुलाला दोन महिन्यांत जमवायचं आहे.

त्यात निवडीही आल्या. मध्य प्रदेशाने 2021-22पासून कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू केलं. त्यामुळे मेजर कोणता, मायनर कोणता, इलेक्टिव्ह काय, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचं असतं. आजवर ज्याचा डबाही आईने ठरवला, तो इथे गोंधळणारच.

आणखी एक गोष्ट इंदूरकर आईवडिलांच्या लक्षात येत नाही. घरून कॉलेजला जाणारा मुलगा बाहेरगावच्या मुलापेक्षा जास्त एकटा पडू शकतो. खंडवा, खरगोन, बुऱ्हाणपूरची मुलं पिढ्यान्‌पिढ्या इथे शिकायला येतात. त्यांची मैत्री वर्गात कमी आणि संध्याकाळी मेसमध्ये, भंवरकुव्याच्या खोल्यांवर जास्त जमते. तुमचा मुलगा तेव्हा घरी वरण-भात जेवत असतो. खंडव्याहून ख्रिश्चन कॉलेजात आलेल्या किशोरकुमारची गोष्ट इंदुरात अजून सांगतात : स्वभावाने लाजाळू, पण कँटीनवाल्याकडे उधारी 5 रुपये 12 आणे! लाजऱ्या मुलालाही वर्गाबाहेर बसायला एक जागा सापडली होती.

म्हणून लेक्चर संपताच ‘निघालास का?’ असा फोन करू नका. तासभर तिथेच रेंगाळू द्या, पोहे-चहापुरते पैसे खिशात असू द्या. वाचनालय, एनसीसी, एनएसएस, क्रिकेटचं मैदान यांपैकी एक ठिकाण त्याचं ठरलं की पुष्कळ झालं. रात्री ‘काय शिकवलं?’ऐवजी ‘आज कोणाबरोबर खाल्लंस?’ विचारा. उत्तरात एखादं नाव आलं की समजा, गाडी रुळावर येतेय.

दुसरं काम जास्त अवघड आहे आणि ते तुमचं आहे : एकेक सूत्र त्याच्या हाती देणं. या महिन्यात बसचे आणि खाण्याचे पैसे एकदम द्या. पुढच्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म त्यालाच भरू द्या. आरएनटी मार्गावरच्या विद्यापीठ कार्यालयात काम निघालं, तर बाबांनी स्कूटर काढू नये. सही राहिली म्हणून खिडकीवरून फॉर्म परत आला, तर पुढच्या वेळी तो घरूनच दोनदा तपासून नेईल. मात्र शेवटची तारीख तुमच्याही कॅलेंडरवर लिहून ठेवा. एक फेरी फुकट गेली तर चालेल, वर्ष जाता कामा नये.

अबोला आणि त्रास यांतला फरकही ओळखा. झोप उडाली, जेवण सुटलं, सलग काही दिवस कॉलेजला जायलाच नकार दिला, तर ‘वयच असं’ म्हणून सोडू नका. आधी रॅगिंग होतंय का ते शांतपणे विचारा. प्रवेशाच्या वेळी मुलाने आणि पालकांनी दिलेलं रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र यूजीसीच्या 2009च्या नियमांतून आलं आहे. तक्रारीसाठी 1800-180-5522 ही हेल्पलाइन आहे. मन फार खचलं असेल, तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. हा फोन पालकांनीही करायला हरकत नाही.

राहिला मार्कांचा प्रश्न. शाळेत पंच्याऐंशी टक्के मिळवणाऱ्याला पहिल्या अंतर्गत चाचणीत पन्नास मिळू शकतात. तो आकडा बहिणीला फोनवर लगेच सांगायची घाई करू नका. कोणाला सांगायचा, तेही त्यालाच ठरवू द्या.