मोजमाप कशाचे करावे?

संगणकाची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, एकदा लिहिला की काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. नियम बदलतात, कर बदलतात, यंत्रे बदलतात. त्यानुसार जुन्या आज्ञावलीत दुरुस्ती करावी लागते. बँकेत ज्या रकमेची नोंद नाही ती ताळेबंदात दिसत नाही. या निगराणीच्या श्रमांचेही तसेच आहे. बढती देणारा अधिकारी काय मोजतो, यावर ते श्रम होणार की टळणार हे पुष्कळसे ठरते.

अमेरिकेतील ॲपल कंपनीत १९८२ साली ‘लिसा’ संगणकाचे काम चालू होते. आठवड्यात कोणी किती ओळी लिहिल्या, याचा तक्ता व्यवस्थापक मागू लागले. बिल ॲटकिन्सन यांनी चित्ररेखनाच्या आज्ञावलीचा एक भाग नव्याने लिहून तो वेगवान केला होता. त्यात सुमारे २००० ओळी कमी झाल्या. त्यांनी तक्त्यात ‘उणे २०००’ असे लिहिले. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तक्ता मागणेच बंद झाले. ओळींना बक्षीस दिले तर ओळी वाढतील, सुटसुटीतपणा वाढणार नाही.

दुसरे उदाहरण मायक्रोसॉफ्टचे. तेथे कर्मचाऱ्यांची आपसांत तुलना करून क्रम लावीत, आणि काहींना खालची श्रेणी मिळणे अटळ असे. अशा ठिकाणी शेजाऱ्याला शिकवणे म्हणजे स्वतःचे नुकसान, असे वाटल्यास नवल नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद करून सहकार्यावर भर दिला.

ज्ञान वाटून घेणे इतके महत्त्वाचे का? डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ साली याचे उत्तर दिले. त्यांच्या मते आज्ञावलीचे खरे ज्ञान कागदावर पूर्णपणे उतरत नाही. ते ती रचणाऱ्यांच्या समजुतीत असते. तो गट पांगला की आज्ञावली चालू राहिली तरी तिच्यात योग्य बदल करणे अवघड होते. म्हणून नवख्याने जाणत्यासोबत बसून काम करणे आवश्यक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या आपण या क्षेत्रात जाल, कोणी गटप्रमुखही व्हाल. तेव्हा नवे काम किती झाले एवढेच विचारू नका. जुने कोणी सुधारले, कोणी कोणाला शिकवले, आणि एक माणूस रजेवर गेला तर काम अडते का, हेही विचारा. ज्याची विचारणा होते, त्याचीच निगा राखली जाते.