अयोग्यतेची भावना आणि स्मरण

नागपूर येथील प्रताप नगरात निरूपण आटोपल्यावर एका वृद्ध उपदेशी बाईंनी विचारले, "बाबा, मला अक्षर येत नाही. स्मरणास बसले की मागचे दोषच आठवतात. मी कोणत्या तोंडाने नाम घेऊ?" त्यांनी स्मरणास बसणेच सोडले होते, हे मागाहून कळले.

हा प्रश्न आपल्या मार्गात नवा नाही. केशोबासांना संस्कृतात रचना करावयाची होती. नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. का? तर आपल्या म्हाताऱ्या त्यामुळे वंचित होतील म्हणून. स्मृतिस्थळातील ही आठवण आपण मराठीच्या अभिमानाने सांगतो; परंतु ती मुळात अधिकाराविषयी आहे. निरक्षर म्हातारीस ज्ञानाचा अधिकार आहे की नाही, हा वाद आचार्यांनी घातलाच नाही. तो आहे असे धरूनच त्यांनी ग्रंथाची भाषा ठरविली.

आता दोषांविषयी. अनुताप आणि अयोग्यतेची भावना या दोन वस्तू भिन्न आहेत. अनुतापात जीव दोष जाणून परमेश्वराकडे वळतो; दुसरीत तो दोषांसह स्वतःकडेच पाहत बसतो. बाहेरून हे दैन्य दिसते, पण आत 'मी'च मोठा झालेला असतो. विद्येच्या गर्वाने आलेले म्हाइंभट आणि दोषाने खचलेला साधक, दोघांचीही दृष्टी एकाच जागी अडकलेली. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे, हे शास्त्र सांगते. पण तो मोक्षास पात्र आहे, हेही तेच शास्त्र सांगते. आम्ही निरूपण करणारे मात्र पहिल्या अर्ध्यावरच फार वेळ घालवितो, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून चिंतनात दोष आठवला तर त्याच्याशी झगडू नये. तो स्वामींपुढे निवेदन करावा आणि नाम, मूर्ती, लीला, चेष्टा यांपैकी जे मनास धरता येईल ते धरावे. अक्षर नसले तरी लीला ऐकता येते. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, ते ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून विचारूनच; त्या सांगणाऱ्यांत बायकाही होत्या.

त्या बाईंना महदाइसेच्या प्रश्नांची एक लीला वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती अडखळत सांगितली. मधला एक प्रश्न त्या विसरल्या. तो शेजारच्या बाईंनी भरून दिला.